निनवे पडलं नाही

यंदाही आमचा उपास दसऱ्याच्याच दिवशी आला आहे. बाहेर झेंडूच्या माळा, धुऊन पुसून ठेवलेल्या गाड्या, श्रीखंडाच्या डब्यांची ने-आण. आणि रास्ता पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत उद्या दिवसभर पाण्याचा थेंबसुद्धा घशाखाली उतरणार नाही. आम्ही बेने इस्राएल. कोकणात येऊन तेलाचे घाणे चालवणाऱ्या यहुद्यांचे वंशज. बोलणं, नेसणं, भांडणं सगळं मराठी. देव आणि पंचांग तेवढं वेगळं. या उपासाला हिब्रूत भारदस्त नाव आहे, पण आमची जुनी माणसं त्याला ‘दारफळणीचा सण’ म्हणत. दारं लावून घ्यायची, पांढरं नेसायचं, परक्या कोणाला शिवायचं नाही, आणि वर्षभर आपण कसे वागलो ते आठवत बसायचं.

त्यातून हा परतीचा पाऊस. सकाळी ऊन डोकं भाजून काढतं, दुपारी सिंहगडाच्या बाजूने काळं भरून येतं आणि बघता बघता रस्त्याचा ओढा होतो. फोनवर कधी पिवळा, कधी नारिंगी इशारा येतो. आपण तो अंगठ्याने बाजूला सारतो आणि पुढचा विनोद वाचतो. मी मात्र या दिवसांत आभाळ गडगडलं की आधी खिडकीशी जाते. आणि काही वर्षांपूर्वीची कोथरूडमधली एक चार मजली इमारत डोळ्यांसमोर उभी राहते.

उपासाच्या दुपारी, भूक पोटातून डोक्यात चढलेली असते तेव्हा, सिनेगॉगमध्ये योना नबीची गोष्ट वाचतात. लहानपणी आम्हा दोघी बहिणींना ती माशासाठी आवडायची. बाबा टपाल खात्यात होते. ते घरी येऊन तीच गोष्ट मराठीत सांगत. देव योनाला म्हणाला, निनवे नावाच्या मोठ्या शहरात जा आणि सांग, तुमचा हा जुलूम असाच चालू राहिला तर शहर उलथून पडेल. योना उठला आणि नेमका उलट दिशेच्या जहाजात जाऊन बसला. मग वादळ, मग त्याला गिळून तीन दिवसांनी किनाऱ्यावर टाकणारा मासा. आमचे डोळे मोठे व्हायचे. बाबा म्हणत, “मासा येतो आणि जातो. खरी गोष्ट त्याच्यापुढे आहे.”

पुढे योना मुकाट निनवेला जातो आणि निरोप सांगतो. आणि लोक चक्क ऐकतात! राजासुद्धा सिंहासनावरून उतरून राखेत बसतो. शहर वाचतं. आणि योनाला राग येतो. आपला शब्द खोटा पडला म्हणून तो शहराबाहेर जाऊन, अजून काही होतंय का ते बघत बसतो. देव त्याच्यावर सावलीला एक वेल वाढवतो, दुसऱ्या दिवशी ती वाळते, आणि योना वेलीसाठी जीव टाकतो. तेव्हा देव विचारतो, तुला एका वेलीची एवढी हळहळ. मग उजवा हात कोणता आणि डावा कोणता हेही न कळणाऱ्या इतक्या माणसांची, इतक्या गुराढोरांची मला वाटू नये?

गोष्ट तिथेच संपते. प्रश्नावर.

“मग योना काय म्हणाला?” ताई दरवर्षी विचारायची.

“लिहिलेलं नाही.”

“उत्तर नसलेलं गणित छापायचंच कशाला?” ताई फणकारायची.

ही माझी थोरली बहीण, रिव्का. ती पुढे इंजिनिअर झाली, इमारती तपासणारी. तिने लग्न केलं नाही. माझे यजमान गेल्यावर मी तिच्याकडे राहायला आले. मी शाळेत भूगोल शिकवायचे. निवृत्तीनंतर माझं मुख्य काम म्हणजे ताईला स्कूटरवरून तिच्या कामावर पोचवणं, कारण मोतीबिंदूनंतर तिने गाडी चालवणं सोडलं होतं.

त्या वर्षी पावसाने गणपती भिजवले, पितृपक्ष भिजवला, तरी जायचं नाव घेईना. कोथरूडमधल्या त्या सोसायटीने ताईला बोलावलं ते रंगासाठी. भिंतींना ओल येत होती. रंग काढण्याआधी कोणीतरी जाणकाराने एकदा नजर टाकावी, एवढंच. सेक्रेटरी दामले, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, आम्हाला गच्ची दाखवायला निघाले. ताई गच्चीवर गेलीच नाही. खाली पार्किंगमध्ये एका खांबाशी ती थबकली. हातोडीने तिने हलकेच ठोकलं. खणखणीत आवाज यायला हवा तिथे बद्द आवाज आला, पिकलेल्या कलिंगडासारखा. दुसऱ्या खांबालाही तसाच. तिने पेचकसाचं टोक भेगेत घातलं, तर प्लास्टरची खपली निघाली आणि आतलं सिमेंट बिस्किटासारखं भुगा होऊन तिच्या चपलेवर पडलं.

तेवढ्यात जिन्यावरून दामल्यांची नात उतरली. तीन-साडेतीन वर्षांची असेल. चपला उलट्या पायांत. “आजोबा, बघा, मी घातल्या!” म्हणत ती त्याच खांबाला धरून गोल फिरायला लागली. ताईने तिचा हात खांबावरून सोडवला. “कळवते,” एवढंच म्हणून ती स्कूटरवर बसली.

घरी आल्यावर तिने पिशवी भरली. “मी अलिबागला मावशीकडे जातेय.”

“आणि कोथरूडचं?”

“दुसरा कोणी बघेल. शहरात काय मी एकटीच आहे?”

मला कारण माहीत होतं. त्याच्याही काही वर्षं आधी दुसऱ्या एका सोसायटीला तिने असंच बजावलं होतं. त्या लोकांनी दुसऱ्याकडून हवा तसा अभिप्राय मिळवला, रंग काढला आणि मोकळे झाले. ती इमारत अजून उभी आहे. ताईचं मात्र ‘पाडकाम मॅडम’ असं नाव पडलं. लग्नाकार्यात लोक हसून विचारायचे, “काय रिव्काबाई, हा मांडव टिकेल ना?” तीही हसायची, पण पुढच्या कार्याला मलाच एकटीला धाडायची.

स्वारगेटहून ती गेली आणि दुसऱ्याच दिवशी परत आली, भिजून चिंब. मी चहा टाकला. टॉवेलने केस पुसता पुसता तीच म्हणाली, “बसमध्ये शेजारच्या बाईचं लेकरू माझ्या मांडीवर झोपलं. त्याच्याही चपला उलट्याच होत्या.” मग चिडून, “या पोरांच्या आया लक्ष कुठे देतात?” आणि तिने दामल्यांना फोन लावला.

सभा पार्किंगमध्येच भरली. प्लास्टिकच्या खुर्च्या त्याच खांबांच्या मधे मांडलेल्या. बाहेर रिपरिप. ताईने साध्या शब्दांत सांगितलं: खांबांतल्या सळया गंजल्यात, पाणी मुरतंय, पाऊस थांबेपर्यंत वाट बघू नका. घरं रिकामी करा, टेकू लावा, मग दुरुस्ती.

 मग दामले म्हणाले, “मॅडम, आम्ही रंगाची शेड विचारायला आपल्याला बोलावलं. आपण तर पितृपक्षाचा मान राखून आमचंच श्राद्ध उरकताय.”

हशा पिकला.

“नक्की पडेल का?” मागून एकाने विचारलं. “हो किंवा नाही सांगा.”

“नक्की कोणीच सांगू शकत नाही.”

“मग झालं तर!”

“म्हणजे उगाच भीती घालायची,” दुसरा पुटपुटला. “यामागे कोण बिल्डर आहे ते बघा आधी.”

ताईने आपले कागद गोळा केले. ती आता उठून जाणार, असं मला वाटलं. पण ती एवढंच म्हणाली, “माझं सांगून झालं. फक्त आत्ता तुम्ही ज्यांच्या खाली बसलायत, त्या खांबांबद्दल मी बोलतेय.”

तेव्हा पुढच्या रांगेतल्या कांबळेबाई उठल्या. सरकारी इस्पितळात मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या, तळमजल्यावर एकट्या राहणाऱ्या. त्यांनी शांतपणे आपली खुर्ची उचलली आणि बाहेर पावसात, मोकळ्या अंगणात नेऊन मांडली. पदर डोक्यावर घेऊन त्या तिच्यावर बसल्या.

“अहो कांबळेबाई, भिजाल!” कोणीतरी म्हणालं.

“भिजेन,” त्या म्हणाल्या. “सभा चालू ठेवा. मला इथून ऐकू येतंय.”

कोणी हसलं नाही. एक तरुण जोडपं उठलं. मग शेजारचे. खुर्च्या फरशीवरून ओढल्याचा करकर आवाज येत राहिला आणि एकेक जण अंगणात जाऊन बसला. शेवटी पार्किंगमध्ये टेबल, ताई आणि दामले उरले. दामल्यांनी वर छताकडे पाहिलं. चष्मा काढून पुसला. मग तेही उठले. सिंहासनावरून उतरणारा राजा मी लहानपणी नेहमी दाढीवाला आणि मुकुटधारी कल्पिला होता. त्याचा शर्ट चौकडीचा असेल आणि खिशाला दोन पेनं असतील, असं कधी मनात आलं नव्हतं.

घटस्थापनेपासून घरं रिकामी व्हायला लागली. लोखंडी टेकू आले, खांबांना खेटून उभे राहिले. गाद्या, देव्हारे, शिलाईयंत्रं, माशांची काचेची पेटी, पिंजऱ्यातला शिव्या देणारा पोपट, सगळं ताडपत्रीखालून टेम्पोत चढत होतं. कोणी सासुरवाडीला, कोणी भाड्याच्या खोलीत. कांबळेबाई शहराबाहेर मांजरी गावात लेकीकडे गेल्या. पाऊस मात्र दिवसेंदिवस वाढतच चालला होता, आणि दुसऱ्या मजल्यावर एक माणूस अजून पलंगावर होता: दामल्यांचे वडील, अण्णा. नव्वदीला टेकलेले, पायांतलं बळ गेलेलं, जिभेचं शाबूत. “मी या घरातून खांद्यावरून निघणार,” ते म्हणत. “तोवर मला हलवू नका.”

दामल्यांनी आर्जवं केली, आवाज चढवला, शेवटी रडले. अण्णा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

पंचमीच्या सकाळी पावसाने ताळतंत्र सोडलं. ताई आणि मी खाली अंगणात उभ्या होतो. एका टेकूच्या डोक्यावरची फळी चेपल्यासारखी दिसत होती. ताई तिच्यावरची नजर काढत नव्हती. इतक्यात रिक्षातून कांबळेबाई उतरल्या. मांजरीहून एवढ्या पावसात. दामल्यांच्या सुनेने त्यांना फोन केला होता.

त्या सरळ वर गेल्या. मी मागोमाग गेले. ताईने मला हाताने अडवलं होतं, तरी गेले.

“अण्णा,” कांबळेबाई पलंगापाशी उभ्या राहून म्हणाल्या, “इंजेक्शन द्यायला मी इतकी वर्षं येतेय. एकदा तरी दुखलं का?”

“नाही,” भिंतीकडे बघत अण्णा म्हणाले.

“मग आजही नाही दुखणार. हात द्या.”

अण्णांनी मान वळवली. आणि खरंच हात पुढे केला.

त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. एका बाजूला दामले, दुसऱ्या बाजूला कांबळेबाई आणि टेम्पोवाला. मी पुढे, छत्री मिटून, पायऱ्या सांगत. पहिल्या मजल्याच्या वळणावर आलो आणि खालून, कुठेतरी इमारतीच्या पोटातून, जाड फांदी मोडावी तसा आवाज आला. प्लास्टरचा चुरा अण्णांच्या टोपीवर पडला. आम्ही जागच्या जागी गोठलो. खुर्चीचे पाय भिंतीला खटखट लागत होते. 

“थांबू नका!” खालून ताईचा आवाज आला, वर्गात शिस्त लावावी तसा. “भिंतीला लागू नका, हळू, पण थांबू नका. या.”

आम्ही उतरलो. अंगणात पावसाखाली खुर्ची टेकवली तेव्हा अण्णांनी डोळे उघडले, वर आपल्या खिडकीकडे पाहिलं आणि म्हणाले, “खांद्यावरून निघायचं ठरवलं होतं. खुर्चीवरून निघालो. दामल्यांच्या घरात काही वेळेवर होत नाही.”

आम्ही हसलो. दामले हसता हसता खाली ओल्या फरशीवर बसले.

यानंतर इमारत पडायला हवी होती. गोष्टीच्या न्यायाने तरी. पण ती पडली नाही. रात्रंदिवस कोसळून पाऊस सप्तमीला ओसरला, आणि रिकाम्या खिडक्यांची ती इमारत तशीच उभी राहिली. ताई समोरच्या बंद लाँड्रीच्या पायरीवर जाऊन बसायची. मी डबा न्यायचे, ती दोन घास खायची, नजर समोर. मला वाटलं, काळजी आहे. लोक येऊन बघून जायचे. सोसायटीच्या फोनवरच्या गटात कुजबुज सुरू झाली, मग उघड बोलणं. टेकूंच्या जिवावर उभी आहे, असं कोणी म्हणालं नाही. ‘एवढ्या पावसात उभी आहे, म्हणजे बांधकाम दणकट.’ ‘सणासुदीला घराबाहेर काढलं.’ ‘मी म्हणालोच होतो.’ पुण्यात या शेवटच्या वाक्यासाठी माणसं आयुष्य काढतात.

दसऱ्याला उपास होता. पांढऱ्या साड्या नेसून आम्ही सिनेगॉगमध्ये बसलो होतो. बाहेर कुठेतरी ताशा वाजत होता. दुपारी योनाचं वाचन सुरू झालं, आणि तो शहराबाहेर जाऊन बसतो त्या जागी ताई उठली आणि बाहेर गेली. इतक्या वर्षांत ती मधून कधी उठली नव्हती. मी मागे गेले. अंगणातल्या झाडाखाली ती खोडाला हात टेकून उभी होती. मला वाटलं, भोवळ आली.

“बस जरा,” मी म्हणाले.

“मला ती पडायला हवी होती गं.”



“सगळे सुखरूप बाहेर आल्यावर हं. आधी नाही.” ती घाईने म्हणाली. “पण रोज तिथे बसून मी तेच मागत होते. पड. एकदा पड, म्हणजे यांची तोंडं बंद होतील. आत त्यांची घरं आहेत, कपाटं, फोटो, लेकीबाळींच्या पाळण्याच्या दोऱ्या. आणि मी पड म्हणत होते. आज सकाळपासून इथे बसून प्रार्थनेतसुद्धा…”  कोरड्या ओठांवरून तिने जीभ फिरवली. “माझ्या शब्दाची वेल वाळली, म्हणून.”

मी तिचा हात धरला.  आतून हिब्रू ओळी येत राहिल्या.

संध्याकाळी उपास सोडून चहा घेत होतो, तोच कांबळेबाई आल्या. त्याही पांढऱ्या साडीत. दसऱ्याचा दिवस त्यांचा धम्मदीक्षेचा, त्या विहारातून येत होत्या. ताईने लोक काय बोलतात ते सांगितलं, आणि मग, मला वाटलं नव्हतं, पण झाडाखालचंही सांगितलं.

कांबळेबाईंनी कप खाली ठेवला. “माझ्या वॉर्डातून बरी होऊन गेलेली माणसं काय म्हणायची माहितीये? ‘काही झालंच नव्हतं हो, उगाच ठेवून घेतलं.’ आणि मेलेल्यांचे नातेवाईक म्हणायचे, तुम्ही आधी का नाही सांगितलं.” त्या थोडं हसल्या. “सुरुवातीला मलाही राग यायचा. मग म्हटलं, शिव्या देत देत पायांनी घरी चाललाय ना? जाऊ दे.”

“पण खरं काय होतं ते त्यांना कधीच कळणार नाही,” ताई म्हणाली.

“नाही कळणार. वाचलेल्याला कसं कळेल?”

मला त्या वाक्याने आजवर सोडलेलं नाही. आपल्या आजूबाजूला इशारे देणाऱ्यांची काय कमी आहे? टेकड्या फोडल्या, ओढे बुजवले, आता बघा, असं म्हणणारे दर पावसाळ्यात दिसतात, आणि खरंच सांगतात. पण पाणी घरांत शिरलं की त्यांच्यातल्या काहींच्या डोळ्यांत एक बारीकशी चमक येते. मला ती चमक ओळखू येते. मी ती घरात पाहिली आहे. योनाला देवाने शिकवलं ते एवढंच असावं, की इशारा खरा ठरायला द्यायचा नसतो. तो खोटा ठरावा म्हणून घसा फोडून ओरडायचं, आणि खोटा ठरला की खोटं ठरलेल्या तोंडाने त्याच शहरात राहायचं. हे दुसरं जास्त अवघड. मासा त्यापुढे काहीच नाही.

दिवाळीनंतर खांब उघडले तेव्हा दामल्यांचा फोन आला. “मॅडम, येऊन बघून जा. सळया… म्हणजे, सळया अशा नाहीतच. हाताला लाल भुकटी लागते.”

“तुम्ही पाहिलंत ना?”

“पाहिलं.”

“मग माझं काय काम?”

 “तरी उभी होती, असं लोक म्हणतातच,” दामले म्हणाले.

“म्हणू द्या,” ताई म्हणाली. फोन ठेवून ती भाजी चिरायला बसली. गेली नाही बघायला.

काम हिवाळाभर चाललं. गुढीपाडव्याच्या आसपास लोक परत आले. बोलावणं होतं, पण ताई नको नको म्हणत राहिली. संध्याकाळी मात्र अचानक म्हणाली, “चल, स्कूटर काढ.”

आम्ही फाटकापाशी पोचलो तेव्हा दिवे लागत होते. तळमजल्यापासून गच्चीपर्यंत सगळ्या खिडक्या उघड्या. कुकरच्या शिट्ट्या, फोडणीचा चरचराट, कोणाच्या तरी टीव्हीवरची मालिका, कोणाच्या तरी पेटीवरचा तोच तोच चुकणारा सूर. “अगं गॅस बंद कर!” “माझ्या जागेत कोणी लावलीय ही गाडी?” “तुझ्या बापाची जागा आहे का?” एक पोर भोकाड पसरून रडत होतं आणि ते का रडतंय यावर दोन बायका एकाच वेळी मत देत होत्या.

दुसऱ्या मजल्यावरून दामले वाकले. “मॅडम, फाटकात काय उभ्या? आत या! आज पडणार नाही, मी चौकशी केलीय!” त्यांच्या मागून अण्णांचा आवाज आला, “कोण आलंय? चहा टाका म्हणावं, आणि या वेळी साखर घाला!”

ताई मान वर करून एकेका खिडकीकडे बघत होती. तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचं तिच्या लक्षातही नव्हतं.

“किती कालवा करतात गं ही माणसं,” ती म्हणाली, आणि फाटक ढकलून आत गेली.